अर्ध्यात कापलेली बिदाई

ती रील डिलीट करा.

मनोजदादाला जाऊन आज वर्ष झालं. ज्या ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा, त्यांनी सकाळी त्याच्या वाजवण्याची एक रील टाकली. दिवा, फुलं, हात जोडलेले इमोजी. लाईकवर लाईक.

आणि खाली कोणाची तरी कमेंट: "दादा शेवटी चुकले वाटते." पुढे हसणारा इमोजी.

डोकंच फिरलं माझं.

रीलमधली धून दादाची स्वतःची होती. नवरीच्या बिदाईची. गोंदियापासून देवरीपर्यंत किती मांडवांत बाया तिच्यावर रडल्या असतील.

तिच्यात एके जागी डिमिनिश कॉर्ड येतो, एकत्र छेडलेल्या सुरांचा एक बेचैन मेळ. सी कॉर्डवरून डी मायनरला जाताना, मधात.

नुसता ऐकला तर कोणालाही वाटेल, बोट चुकलं. त्याच्यावर थांबायचंच नसतं. पुढचा कॉर्ड आला की जीव भांड्यात पडतो. आणि आधी तो टांगला होता म्हणूनच पुढचा इतका गोड लागतो.

यांनी रील कुठे कापली? बरोबर त्याच कॉर्डवर.

मला हा कॉर्ड दादानंच शिकवला, मुर्री गावात, त्याच्या घरच्या ओसरीत. बोटांचा शेप तोच ठेव, गिटारच्या दांडीवर तीन फ्रेट, म्हणजे तीन घरं, पुढे सरकव, कॉर्ड तोच राहते, सूर फक्त आपसात जागा बदलतात, म्हणायचा. माझी बोटं कशीबशी बसायची. बसली की मी खुश होऊन तिथंच थांबायची.

तो खेकसायचा, "थांबून काऊन राहिली वं? पुढे जाय ना."

ऑर्केस्ट्रावाल्यांना तो कॉर्ड कधीच नको होता. पब्लिकला बेसूर वाटते म्हणे. ती जागा आली की साउंडवाला गुपचूप गिटारचा आवाज खाली करायचा. दादाला कळायचं. मग तो मुद्दाम तिथं जोरात वाजवायचा, घरी येऊन त्यांना शिव्या घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच गाडीत जाऊन बसायचा.

कावीळ झाली तेव्हाही बसला. लग्नाचा सीझन आहे म्हणे. डोळे पिवळेजर्द. मी भांडले, त्याची आई भांडली, ऐकलं नाही. त्याच काविळीत गेला.

याचा राग मला अजून आहे दादा. तुझ्यावरच आहे. आणि ते पिवळे डोळे रोज बघूनही "घरी जा" न म्हणणाऱ्या तुझ्या ऑर्केस्ट्राच्या मालकावर तर आहेच.

सकाळी त्या मालकाला फोन केला. पूर्ण व्हिडिओ त्यांच्याकडे आहे. निदान पुढचा एक कॉर्ड तरी ठेवायचा होता, असं म्हटलं. तर म्हणतो, "दीदी, रील है, कहीं तो काटना पड़ता है. पब्लिक को क्या समझता है?"

पब्लिकमध्ये त्याची आई पण आहे, भाऊ.

दुपारी वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर काकूंनी, म्हणजे दादाच्या आईनं, मला आत बोलावलं. पाहुण्यांपैकी कोणीतरी त्यांना रील दाखवली होती. कमेंटही वाचून दाखवली होती. काय माणसं असतात एकेक!

काकूंनी हळूच विचारलं, "माह्या पोराचं चुकलं होतं का वं?"

मी त्याची गिटार खुंटीवरून काढली. तारा गंजलेल्या, तरी कशाबशा सुरात लावल्या. रीलमध्ये आहे तेवढंच वाजवलं आणि थांबले. काकूंचं तोंड उतरलं.

मग पुढचा कॉर्ड वाजवला.

काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"मंग हे काऊन नाही टाकलं त्याइनं?"

याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे, त्यांना इथं टॅग केलं आहे. त्यांनी मुर्रीला यावं, काकूंच्या समोर बसावं आणि त्यांना सांगावं.

मनोजदादा, वर्ष झालं रे.

तुझं काहीच चुकलं नव्हतं. काकूंना आता माहीत आहे.