देवजीभाऊंचं कागदी इंजिन

मी इंजिन आधी विकत घेतलं आणि ते जिथे बसवायचं ती जागा नंतर मोजली. मी जव्हारच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि मापनाचा धडा गेली अठरा वर्षं माझ्याकडेच आहे, हे मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं. ते इंजिन मोखाड्याला माझ्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून आहे. आणि ते बसवायचा बेत ज्यांच्या डोक्यात शेवटच्या वायरीपर्यंत तयार होता, ते देवजीभाऊ मागच्या महिन्यात गेले. बातमी आली तेव्हा मी स्पेअर पार्टच्या दुकानात उभा होतो. त्यांनीच आणायला सांगितलेला रेडिएटरचा रबरी पाइप हातात होता आणि त्याचा वाक डावीकडे हवा की उजवीकडे यावरून मी दुकानदाराशी हुज्जत घालत होतो. फोनवर त्यांच्या पत्नी, जानकीवहिनी, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, सकाळी वारले हे." तो सोमवार होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना माझ्या गाडीतून जव्हारला डायलिसिसला नेत असे. आणि माझ्या तोंडून निघालं, "मग उद्या?"... माणूस गेल्याचं ऐकून असं विचारणारा मी. वहिनी म्हणाल्या, "उद्या नाय."

देवजीभाऊ मूळचे पोशेऱ्याचे. मोखाड्याच्या बाहेर, रस्त्याला लागून, चार खांब आणि पत्र्याचं छप्पर एवढंच त्यांचं गॅरेज. पाटी नव्हती. पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या जीपगाड्यांचे क्लच आणि ब्रेक करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पण त्यांचा दुसरा एक धंदा होता, खरं म्हणजे धंदा नव्हे, घराण्यातलं काम. बोहाड्याची सोंगं बनवायचं. आमच्या भागात बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे घालून रात्रभर नाचतात. हे मुखवटे त्यांचे वडील लाकडाचे करायचे, देवजीभाऊ कागदाच्या लगद्याचे करू लागले. गॅरेजमध्ये एका खुंटीला फॅनबेल्ट आणि शेजारच्या खुंटीला रंगवून वाळत घातलेला रावण, असं दृश्य असायचं. एकदा मी विचारलं, "दोन्ही कामं एकाच हातानं कशी करता?" तर म्हणाले, "दोन्हीत एकच बघायचं असतं, गुरुजी. आत माणसाला श्वास घेता येतो का नाय."

माझी गाडी एक जुनी, छोटी हॅचबॅक. रोज मोखाडा ते जव्हार आणि परत, घाटातून. हीच गाडी मी वर्षातून दोन-तीनदा नाशिककडच्या एका खासगी ट्रॅकवर नेतो. तिथे हौशी लोक आपापल्या गाड्या घड्याळ लावून पळवतात. मी दरवेळी शेवटून पहिला किंवा दुसरा येतो. एका खेपेला सत्तरीच्या एका बाईंनी मला बाहेरून ओव्हरटेक केलं आणि वर हात हलवला. त्या अपमानात मी ठरवलं की गाडीत मोठं इंजिन टाकायचं. भंगारात निघालेल्या एका सेडानचं इंजिन गिअरबॉक्ससकट घेतलं, टेम्पोतून देवजीभाऊंच्या गॅरेजसमोर उतरवलं आणि छाती पुढे काढून उभा राहिलो. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, माझ्या गाडीचं बॉनेट उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हैस आणलीत," ते म्हणाले, "खुराडं कोंबडीचं हाय." पण डोळे मात्र चकाकले होते. तीस वर्षांत त्यांनी इंजिनं शेकड्यांनी उतरवली होती आणि तीच परत चढवली होती. एकाचं दुसऱ्यात कधी बसवलं नव्हतं.

तेव्हा त्यांच्या किडन्या जाऊन चारेक महिने झाले होते. डाव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रिया करून फुगवलेली, त्या हाताने वजन उचलायला सक्त मनाई. गॅरेजमधली इंजिन उचलायची चेनकप्पी ओढायची तर दोन माणसं बोलवावी लागत. असं इंजिन आत सोडून बघ, नाही बसलं की बाहेर काढ, हे चाळीस वेळा करायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं मार्ग काढला. मला म्हणाले, "शाळेतली रद्दी आणा." मी रद्दीत निघालेल्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांची दोन पोती आणली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर... असं करत तीन आठवड्यांत त्यांनी त्या इंजिनाचं सोंग उभं केलं. मापाला तंतोतंत. प्रत्येक बोल्टाचं भोक जिथल्या तिथे. वजन म्हणाल तर एका हातात उचलावं इतकं. वर रंग दिला नव्हता, त्यामुळे संपवर, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीवर, कुणा पोराचं 'प्रकाशाचे परावर्तन म्हणजे' एवढं वाक्य आणि माझ्या लाल शाईतलं 'अपूर्ण' स्पष्ट वाचता यायचं.

गॅरेजच्या मागे माझ्याच मॉडेलचा एक अपघातात गेलेला सांगाडा होता, इंजिन नसलेला. त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. कोंबड्या हुसकायच्या, कागदी इंजिन आत सोडायचं, कुठे अडतं ते बघायचं, हेच मग रोजचं झालं. संप खालच्या आडव्या पट्टीवर टेकत होता. इंजिन मागे कलवलं की रेडिएटरला जागा व्हायची, पण गिअरची दांडी अडायची. अडेल तिथे ते चाकूने कागद कापायचे, पुन्हा चिकटवायचे. आणि उरलेलं डोकं मंगळवारी-शुक्रवारी गाडीत चालायचं. जाताना ते बोलायचे, येताना नाही. येताना चेहरा राखेसारखा झालेला असायचा आणि मान खिडकीकडे. जाताना मात्र, "गुरुजी, उजव्या बाजूचा अ‍ॅक्सल चार बोटं कमी पडतोय," असं उत्साहात चालायचं. एकेका वायरीला चिठ्ठी बांधायची, आरटीओची परवानगी आधी काढायची, ही कामं माझ्याकडे. एकदा हौसेने माझ्याबरोबर ट्रॅकवरही आले. दिवसभर कडेला सावलीत बसून माझं पळणं बघितलं. परतताना मी विचारलं, कसं वाटलं? "आवाज चांगला काढता," म्हणाले. "तोंडानं. गाडी तुमची ब्रेकवरच असते."

बेताचा एकच नियम होता आणि तो त्यांनी घातला होता. मी म्हटलं होतं, मे महिन्याची सुट्टी आहे, गाडी महिनाभर उघडी ठेवू, निवांत करू. "नाय," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी उघडायची, सोमवारी संध्याकाळी बंद. मंगळवारी गाडी चालली पाहजे." यात समजायला काही अवघड नव्हतं. मंगळवारी त्यांना जव्हारला जायचं असे. एसटीच्या गर्दीत त्या हाताला धक्का लागला तर पंचाईत, म्हणून माझी गाडी. सगळं काम तीन दिवसांत बसावं म्हणून तर ते कागद कापत होते. आणि पुढे एकदा, अगदी सहज, म्हणाले होते, "पावसाळ्याच्या आत करू. पुढचं मला नाय माहीत." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" असं म्हणण्यात मी पटाईत आहे.

आणि मग त्या रविवारी मी घोळ केला. ते पोशेऱ्याला बोहाड्यासाठी गेले होते. नाचता येत नव्हतं, पण आपण केलेली सोंगं कशी नाचतात ते बघायला. जाताना मला बजावून गेले, "तुमच्या गाडीचं इंजिन ज्यावर टेकतं, त्या मागच्या माउंटिंगचा बोल्ट गंजलाय. रोज दोन थेंब तेल सोडायचं. पाना लावायचा नाय." सुट्टी आठवड्यावर आली होती. मला वाटलं, आजारी माणसाचं एक काम आपण कमी करावं. चांगला विचार होता. मी पाना लावला. हलेना, म्हणून पान्याला हातभर लांब पाइप लावला. तरफेचा नियम मी शिकवतोच. 'कट्' असा बारीक आवाज आला, बोल्टची मुंडी माझ्या हातात आणि इंजिन एका बाजूला दोन बोटं खाली. गाडी जागेवरून हलवायची सोय राहिली नाही. सोमवारी दिवसभर मी मोखाड्यातल्या दोन मेकॅनिकांकडे हात जोडत फिरलो. दोघांनी खाली वाकून बघितलं आणि दोघांनीही विचारलं, "देवजी कुठं हाय?"

मंगळवारी सकाळी देवजीभाऊ नेहमीच्या वेळी माझ्या अंगणात आले. हातात दवाखान्याची पिशवी. मी काही बोलायच्या आत त्यांनी बॉनेटखाली इंजिनाची तिरकी मान बघितली. रागावले नाहीत. पिशवी पायरीवर ठेवली, खाली सरकून बघितलं आणि म्हणाले, "छिन्नी हाय का बारीक?" मी म्हटलं, "भाऊ, आधी दवाखाना. एसटी आहे अजून." म्हटलं खरं, पण ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला माहीत आहे, पाहुण्याला 'जेवून जा' म्हणताना आपण कधीकधी काढतो तो. "शुक्रवारी जाईन," ते म्हणाले. "एका दिवसानं काय व्हतंय." आणि मला मनातून बरं वाटलं... हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. गाडी सुटणार म्हणून बरं वाटलं. तुटक्या बोल्टच्या कडेवर छिन्नी धरून ते हलक्या हातोडीनं टिक टिक मारत राहिले, उलट्या दिशेनं, केसभर केसभर फिरवत. दुपार झाली. मी चहा देत होतो, टॉर्च धरत होतो आणि मधूनमधून विचारत होतो, "बरं वाटतंय ना?" चारच्या सुमारास बोल्टचा तुकडा त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो शर्टाला पुसून खिशात टाकला. माझ्याकडून जॅक फिरवून घेत इंजिन जागेवर आणलं, नवा बोल्ट लावला. जाताना एवढंच म्हणाले, "आता पाना घरात ठेवायचा नाय तुम्ही."

शुक्रवारी मी त्यांना नेलं. पाय सुजले होते, दम लागत होता. डॉक्टर माझ्यादेखत त्यांच्यावर ओरडले आणि मी कोपऱ्यातल्या भिंतीकडे बघत राहिलो. त्यानंतर ते पुरते सावरले नाहीत. शनिवार ते सोमवार हा बेत पुढच्या शनिवारवर गेला, मग त्याच्या पुढच्या... तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी वहिनींचा फोन आला. डॉक्टरांना मी नंतर गाठून विचारलं. ते म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, एका खेपेचं काही सांगता येत नाही. सांगता येत नाही. शास्त्राच्या शिक्षकाला हे वाक्य पुरतं समजतं, आणि म्हणूनच ते झोपू देत नाही. इंजिन बसवून देऊ असं सांगणारे नाशिकचे दोघे भेटले. त्यातल्या एकाला मी कागदी इंजिन दाखवायला नेलं, तर तो मोबाइलवर फोटो काढून हसला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. गाडी जुन्याच इंजिनावर चालते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अजूनही त्या पत्र्याच्या छपराशी गाडी हळू करतो. ठरवून नव्हे, पायच जातो ब्रेकवर.

मागच्या रविवारी पोशेऱ्याला गेलो. देवजीभाऊ गेल्यापासून वहिनी तिथल्या घरी असतात; त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी तिथेच ओट्यावर बसून सगळं बोलून टाकलं. तेल सोडायला सांगितलं होतं ते, पाइप लावला ते, एसटी होती तरी मी नीट सांगितलं नाही ते, आणि मनातून बरं वाटलं तेसुद्धा. वहिनींचं सूप चालूच होतं. मग कोंडा फुंकत म्हणाल्या, "त्या मंगळवारी माझा भाऊ फटफटी घेऊन आलता मोखाड्याला, यांना दवाखान्यात न्यायला. रस्त्यावरनं फोन केला यांना, तुम्ही आत चहा करीत व्हता. यांनी त्याला सांगितलं, जा तू, मला काम हाय." मला हे माहीत नव्हतं. "वरीसभर दवाखान्यात हे नुसते पडून असायचे," त्या म्हणाल्या, "सुया टोचून. त्या दिवशी घरी आले ते हात काळे करून. दोन भाकरी खाल्ल्या. खिशातनं तो तुकडा काढला, मला दाखवला. इतके हसले तुमच्यावर, इतके हसले, मला वाटलं यांना ठसका लागंल."

मी डोळे पुसत म्हटलं, "पण वहिनी, मी बोल्ट तोडला नसता तर ते दवाखान्यात गेले असते. माझ्यामुळेच..."

वहिनींनी सूप मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "एक बोल्ट निघाला नाय तुमच्याच्यानं. माणूस काय मारणार तुम्ही?"