चौदा नंबरचा इम्ती

इम्ती दुपारचा डबा गाडीत बसून खायचा. परदेशातल्या शॅनन गावी आमच्या कारखान्याचं कँटीन चांगलं ऐसपैस, खिडकीतून खाडीचं पाणी दिसायचं. पण साडेबारा वाजले की हा माणूस डोक्यावरची जाळी काढून, जॅकेट चढवून पार्किंगकडे निघायचा. पाऊस असो, वारा असो, गाडीच्या चारही काचा दोन बोटं खाली. मी नवीन होते, मला वाटलं माणूसघाणा असेल. एकदा त्या गाड्यांमधून फिरत मी आईशी फोनवर बोलत होते, इथे कुणाशी दोन शब्द मराठीत बोलायची सोय नाही म्हणून रडगाणं चाललं होतं. मागून आवाज आला, "ताई, आईला सांगा, सोय आहे."

वळून बघितलं तर डबा मांडीवर घेतलेला, बारीक डोळ्यांचा, चाळिशीचा एक गृहस्थ. नागालँडमधल्या मोकोकचुंगजवळच्या खेड्यातला. इंजिनिअरिंग पुण्यात केलेलं, पुढची दोन वर्षं नोकरीही तिथेच. मराठी शिकला तो मेसच्या काकूंकडून आणि रिक्षावाल्यांकडून, त्यामुळे बोलण्यात जिव्हाळा आणि तुसडेपणा दोन्ही अस्सल. शब्दांच्या लिंगाचा मात्र कायम घोळ. त्याच्या तोंडी आजी आणि बायको सगळे पुल्लिंगी.

गाडीत का जेवतोस, असं मी पुढे कधीतरी विचारलं. त्याच्या डब्यात आंबवलेल्या सोयाबीनची भाजी असायची, तिला उग्र वास. पुण्यात त्या वासापायी त्याला तीन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. "पहिल्या मालकाशी मी भांडण केला, ताई. दुसऱ्याला समजावला. तिसऱ्याला फक्त विचारला, कधी रिकामा करू? आता अंगात तेवढा जोर नाही. गाडी माझा आहे, वास माझा आहे." एवढं बोलून त्याने डब्याचं झाकण लावलं.

त्याहून जुना त्याचा त्रास म्हणजे एक प्रश्न. "पहिल्या दिवशी नाव विचारतात, दुसऱ्या दिवशी कुत्रा," असं तो म्हणायचा. हॉस्टेलवर, बंगळुरूच्या कंपनीत, इथे कँटीनच्या रांगेत, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हसत हसत जवळ येऊन विचारायचंच, तुमच्याकडे कुत्रे खातात ना, तू खाल्लास का? इम्तीचं उत्तर ठरलेलं. "डुक्कर खातो, कोंबडी खातो, मासे खातो. मेसमधला वांगी पण खाल्ला. तो सगळ्यात कठीण." समोरचा हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा. मला राग यायचा. तो म्हणायचा, "लोक आहेत ताई, विचारणार." कामावर मालाच्या बॅचच्या कागदावर सही करताना जो चेहरा असायचा, तोच हे म्हणताना.

आम्ही एकाच वसाहतीत राहायचो. मी नऊ नंबरला, तो चौदाला. बायको आसेन नर्स, आणि नऊ वर्षांची मुलगी आरेन, जिचं सगळं बोलणं इथल्या, क्लेअर भागाच्या हेलातलं इंग्रजी. त्यांच्या शेजारी ब्रीडा नावाची सत्तरी ओलांडलेली विधवा बाई एकटी राहायची, आणि तिचा तांबूस, लहानसा टेरियर, रस्टी. आरेनचा त्याच्यावर जीव. शनिवार-रविवार ब्रीडा आणि आरेन त्याला घेऊन खाडीच्या बांधावर फिरायच्या.

एका शनिवारी आम्ही दोघं कामावर होतो. लॅबचा रिपोर्ट यायचा होता आणि तोवर करण्यासारखं काही नव्हतं. इम्तीच्या भाच्याने गावाहून व्हिडिओ पाठवला होता. कुत्र्याचा वाढदिवस, कुत्र्याच्या डोक्यावर कागदी टोपी, समोर केक. इम्तीने तो मला दाखवला, हसला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "टायफॉइड झाला. दोन महिने अंथरुणावर. माझा आजी फार कडक. आमच्याकडे शिकारीचे कुत्रे होते, त्यांना नाव असायचा, मेला तर पुरायचे, कधी कुणी हात लावला नाही. पण एक लालसर कुत्रा बाजारातून आणला होता, घराखाली बांधलेला. आजी म्हणाला, याला नाव ठेवू नको. मी ठेवला. हळूच भात द्यायचो. मग आजारी पडलो. डॉक्टर लांब. आमच्याकडे मानतात, अशक्त माणसाला त्याचा रस्सा देतात. आजी रोज हाताने पाजायचा. मी बरा झालो. उठून पहिल्यांदा खाली गेलो, तर नुसता दोरी होता."

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"आजी खोटं बोलला नाही. म्हणाला, तू उभा आहेस ना?"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? भूक लागला होता. वर जाऊन जेवलो." रिपोर्ट आल्याचा मेल वाजला आणि आम्ही कामाला लागलो.

ही गोष्ट मी ओर्लाला सांगितली. ओर्ला आमची टीम लीडर, आमच्याच वसाहतीत राहणारी, मनाने चांगली. कँटीनमध्ये कुणीतरी पुन्हा तो प्रश्न इम्तीच्या पाठीमागे विनोद म्हणून उगाळला, तेव्हा मला राहवलं नाही. मला वाटलं, खरं काय ते कळलं तर लोक गप्प बसतील. मी सगळं सांगितलं, आजी, दोरी, रस्सा. ओर्लाचे डोळे भरून आले. घरी जाऊन तिने ते नवऱ्याला सांगितलं असणार. सांगता सांगता आजारपण गळलं, आजी गळली, आणि उरलं ते एवढंच, की चौदा नंबरवाल्याने स्वतःचा कुत्रा खाल्ला.

मार्चमध्ये रस्टी हरवला. ब्रीडा सकाळीच इम्तीच्या दारात उभी राहिली, कारण तिला मदत मागावीशी वाटणारा माणूस तोच होता. वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला तोही इम्तीनेच. खाली कुणी कुठे बघितलं, कुणी कुठे, असे निरोप येत होते. मग ओर्लाच्या नवऱ्याने लिहिलं, "चौदा नंबरचा फ्रीजर बघितला का कुणी?" खाली हसणारे चेहरे, एकापाठोपाठ एक.

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, जरा सौम्य करून. तेही खोडलं. वीसेक मिनिटांनी इम्तीचा निरोप आला. "मी बांधाकडे शोधायला जातोय. कुणी येतंय का?"

मी गेले. मीच एकटी गेले. भरतीची वेळ होती, वारा अंगाला कापत होता, आणि आम्ही दोघं झुडपांत वाकून वाकून त्या कुत्र्याच्या नावाने हाका मारत होतो. इम्तीचा घसा बसला. परतताना मी म्हटलं, "तो मेसेज..." तो म्हणाला, "पाय बघून टाका ताई, इथे घसरतं."

तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याचा फोन आला. रस्टी त्याच्या गोठ्यामागे जुन्या सिमेंटच्या पाइपात अडकला होता. उपाशी, पण जिवंत. ग्रुपवर आनंदीआनंद झाला. ओर्लाच्या नवऱ्याने तो मेसेज काढून टाकला. माफी कुणी मागितली नाही. मागायची तर काय झालं होतं ते म्हणावं लागलं असतं.

पण गोष्ट शाळेत पोचलीच. आरेनने घरी येऊन दप्तर न काढताच विचारलं, "डॅड, इज इट ट्रू?" हे मला आसेनने सांगितलं. इम्तीकडे ते ठरलेलं उत्तर होतं. डुक्कर, कोंबडी, मासे. पण मुलीला त्याने ते दिलं नाही. हो म्हणाला, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आरेन पाच दिवस त्याच्याशी बोलली नाही. रस्टीला फिरवायलाही गेली नाही, दारातून त्याचं भुंकणं ऐकत बसायची.

सहाव्या दिवशी ब्रीडा आली. तिला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. चहा घेताना तिने आरेनला स्वतःच्या लहानपणीच्या डुकराची गोष्ट सांगितली. अंगणात वाढवलेलं, बाटलीने दूध पाजलेलं, नाव मॉली. नाताळाआधी वडिलांनी मारलं. ब्रीडा दोन दिवस रडली. "आणि मग?" आरेनने विचारलं. "मग खाल्लं गं," ब्रीडा म्हणाली. "छान होतं. तेच तर वाईट होतं."

त्यानंतर आरेन बापाशी बोलायला लागली, पण मांस तिने सोडलं ते सोडलंच. इम्ती डाळ शिजवताना मला म्हणाला, "पुण्यातला मेस माझ्या घरात आला, ताई." हसला, पण डोळे फार थकलेले होते. लहान वयात एका कुत्र्याला नाव दिलं, एवढ्यासाठी माणसाने किती वर्षं उत्तरं द्यायची!

त्याच उन्हाळ्यात आसेनला दूर मेनूथच्या बाजूला नोकरी मिळाली आणि त्यांनी घर सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी भांडी बांधायला गेले. आसेन आणि आरेन ब्रीडाकडे निरोप घ्यायला गेल्या होत्या. कपाटातल्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळताना मी महिनोन् महिने साठवलेलं एकदाचं बोलून टाकलं. "इम्ती, ते ओर्लाला मी सांगितलं होतं. चांगल्या हेतूने, पण मीच."

त्याने हातातली बरणी नीट खोक्यात ठेवली, बाजूला कागद कोंबला.

"मला माहीत आहे, ताई."

"कसं?"

"आरेनला सांगेपर्यंत आसेनला पण माहीत नव्हता," तो म्हणाला. "तो गोष्ट मी फक्त तुम्हाला सांगितला होता."

मग त्याने मला चिकटपट्टी मागितली. मी दिली. खोकं बंद करायला एका माणसाने दोन्ही झडपा दाबून धराव्या लागतात, त्या मी धरल्या, आणि तो पट्टी लावत राहिला.