उघड्या अंगणाचं माप

आमच्या तंजावूरच्या गल्लीतले हे निवृत्त गणिताचे मास्तर. कुणाकडेही गेले की बसायच्या आधी खोली पावलांनी मोजतात. वेष्टीच्या, म्हणजे इकडच्या धोतराच्या, कमरेला कापडी टेप खोचलेली असते. "चूक झाली" असं ते कधी म्हणत नाहीत. "परत मोजू या" म्हणतात.

घरपट्टीच्या नव्या मोजणीत आमच्या घरांतली मधली उघडी अंगणंही छपराखाली धरली गेली आणि पट्टी वाढली. आम्ही कॉफी पीत शिव्या घातल्या. त्यांनी घरोघरचे नकाशे काढले, तमिळमध्ये अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि अधिकारी येईपर्यंत दर सोमवारी कचेरीत जाऊन बसले.

अधिकारी आला तेव्हा मास्तर त्याला म्हणाले, "सार, आधी माझं घर." अंगण वजा झालं. मग त्यांनीच जिना दाखवला. "वर एक खोली नंतर बांधलीय, तुमच्या कागदात नाही. तीही लिहा." आत त्यांची बायको भांडी आपटत होती.

पुढच्या घरांत अधिकाऱ्याने टेपकडे पाहिलंच नाही. मास्तर सांगतील तो आकडा लिहीत गेला.

माझ्याही गच्चीवर कागदात नसलेली एक खोली आहे. त्यांना ठाऊक होतं. अंगण मोजून झालं, तरी त्यांनी टेप गुंडाळली नाही. जिन्याकडे वळून तिचं टोक माझ्या हातात दिलं.