अण्णांची गादी आणि जमादारची हद्द

माझे सासरे अंथरूण ओलं करतात, असा समज आमच्या घरात आठवडाभर होता आणि तो मीच होऊ दिला.

झालं असं. बोरीकडच्या ओळखीच्या मेंढपाळानं मेंढ्या विकल्या आणि पुण्याकडं कामाला निघाला. त्याचा कुत्रा, जमादार, मी मानवतला घरी आणला. चांगला थोराड गडी! (कुत्रं पाळावं तर पिल्लू, असं सगळे सांगत होते. मी ऐकतो कधी?) जन्मात त्यानं छप्पर पाहिलं नव्हतं. कळप बसेल तिथं चारी बाजूंनी तंगडी वर करून हद्द आखायची, ही त्याची नोकरी. आमच्याकडं मेंढ्या नव्हत्या, म्हणून त्यानं आम्हालाच कळप मानलं. बायको स्वयंपाकघरात, मी बैठकीत, हे त्याला खपेना. ढुशा देऊन दोघांना एका कोपऱ्यात उभं करायचा आणि भोवती हद्द आखायचा!

फरशी पुसून पुसून बायकोचा, म्हणजे मंदाचा, पारा चढला. "अहो, आता घरात एक थेंब जरी दिसला ना, हे ध्यान गेलंच म्हणून समजा!"

गेलं म्हणजे कुठं? त्याला जगात दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. जावयाला जेवू घालून त्याचे पाय धुवायचे, म्हणून मंदाचे वडील अण्णा पूर्णेहून आले. (सासूबाई नाहीत, म्हणून कार्यक्रम आमच्याच घरी.) रेल्वेतून निवृत्त झालेला ताठ माणूस; पण चालताना जरा रेंगाळतात. जमादारनं पाहताक्षणी ओळखलं, हे मेंढरू चुकणार! पहाटे त्यानं अण्णांच्या गादीला हद्द आखली. मी डोळ्यांनी पाहिली आणि कोणी उठायच्या आत त्याला गच्चीवर बांधून आलो.

"अण्णांचं वय झालं हो," मंदा पदर डोळ्यांना लावत कुजबुजली. "तुमी काय बोलू नका त्यांना."

मी बोललो नाही. इतका आज्ञाधारक मी लग्नानंतर कधीच नव्हतो!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णांनी संध्याकाळचा चहा सोडला. मग पाणीही. मंदानं गादीखाली मेणकापड घातलं. शेजारच्या काकू काढा घेऊन आल्या. "घ्या अण्णा, लय गुण हाय याचा!" अण्णा खाली मान घालून प्याले.

धोंड्याच्या दिवशी मी पाटावर, पाय परातीत, आणि अण्णा वाकून माझे पाय धुतायत! मला राहवलं नाही.

"अण्णा, थांबा! गादी तुमी ओली करत न्हाई, जमादार करतो! मला सगळं ठाऊक होतं!"

मंदाचे डोळे भरले. "माझ्या अण्णांची लाज राखायला कुत्र्यावर ढकललं! देवमाणूस हो तुमी!"

अण्णाही गहिवरले. "असा जावई दिवा घेऊन हुडकला तरी घावायचा न्हाई."

"अहो, खरंच कुत्रा..."

"पुरे! किती चांगलं वागावं माणसानं!"

एवढ्यात जमादार आत आला. सगळा कळप एका जागी पाहून तो धन्य झाला. आमच्याभोवती एक चक्कर मारून त्यानं थेट परातीत, माझ्या धुतलेल्या पायांवर, हद्द आखली!

मंदाच्या चेहऱ्याकडं पाहायची माझी छाती झाली नाही. मी उठलो, अण्णांना पाटावर बसवलं, नवं पाणी आणून त्यांचे पाय धुतले. "अण्णा, चुकलो. माफ करा."

"केलं माफ. अन् कुत्रा इथंच राहील," अण्णांनी हुकूम सोडला. मग माझ्या कानाशी वाकले. "जावईबापू, मंगळवारचं मात्र माझंच होतं."

"काय म्हणले अण्णा?" मंदा गरजली.

"मंगळवारचंसुद्धा जमादारचंच, म्हणले!"

मग जमादारला गच्चीवर नेलं, कोणी बघत नाही याची खात्री केली आणि हात जोडून त्याचीही माफी मागितली.