बॅटरीवरचं ओलं पोतं

मी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ओलं पोतं टाकलं. बसवणाऱ्याने बजावलं होतं, वर काही ठेवू नका, हवा खेळू द्या, हात लावायचा तर आधी सगळं बंद करा. मी मान डोलावली होती. पण जळगावचा मे महिना. आमच्याकडे माठाला ओलं पोतं, खिडकीला ओलं पोतं. जिन्याखाली ती बॅटरी तव्यासारखी तापलेली, मग तिलाच का कोरडं ठेवायचं?

एका दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टर असूनही पंखा थांबला. चोपड्याहून माहेरपणाला आलेली थोरली बहीण, आमची अक्का, म्हणाली मिस्त्रीला बोलाव. मला मिस्त्री बोलावण्यात कमीपणा वाटला. वीज परत आली, बॅटरी चार्ज व्हायला लागली, आणि काहीही बंद न करता मी पोतं अर्धवट बाजूला ओढून पकडीने तारेचा नट पिळू लागलो. जिन्याखाली अंधार, म्हणून अक्काला टॉर्च धरून वाकायला लावलं. ठिणगी उडाली. पोत्याखाली कोंडलेला गॅस फट्‌दिशी पेटला, बॅटरीचं झाकण उडालं आणि आतलं अ‍ॅसिड अक्काच्या उजव्या डोळ्यात गेलं.

आता खरं सांगतो. मी आधी बॅटरीकडे पाहिलं, मग अक्काकडे.

त्यानंतर धावलो तेही तुपाची बरणी आणायला. शेजारच्या वहिनींनी मला बाजूला ढकललं, अक्काला नळाखाली बसवलं आणि डोळा उघडा धरून पाणी सोडत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच मिळालं हे बरं झालं. तरी नजर किती राहील ते पट्टी निघाल्यावरच कळेल.

अक्का गोधड्या शिवते, सुईत दोरा स्वतः ओवते. भेटायला येणाऱ्याला ती सांगायची, माझीच चूक, मीच फार जवळ वाकले. मी शेजारी चहाचे कप धरून उभा. एकदाही म्हणालो नाही, की मीच वाकवलं. तिने शिवी दिली असती तर मला झोप तरी लागली असती.

पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला. मी पुढे सरसावलो. विचारलं, "अक्का, दिखस का?"

तिने उजवा डोळा बारीक केला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "साफ दिखस. समोर एक येडा उभा शे."