अजून एक थेंब

“थांबा डाक्टर, अजून थेंब पडायचाय!” लोणावळ्याच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढेपुढे त्याचा राग यायचा.

म्हणणारे आमचे कंपाउंडर. भाजे गावाकडच्या मुसलमान घरातले. सगळे त्यांना भाई म्हणत. लघवी तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. काचेच्या नळीत ती घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. गढूळ झाली, की मी मूत्रपिंडाचा विकार लिहायला टाक उचलायचो. भाई मात्र नळीत आम्लाचा थेंब सोडून उजेडाला धरायचे. गढूळपणा विरला तर नुसते क्षार. राहिला तर अंगातलं सत्त्व मूत्रपिंडातून गळतंय. विरला की भाई असे खुलायचे, जणू रोगी त्यांचाच जावई.

एकदा लोहगडवाडीची म्हातारी नवऱ्याची लघवी घेऊन आली. थेंब पडला तरी नळीत दह्यासारखे कण. मी लिहूनही टाकलं. भाईंनी तिच्या भांड्याचा वास घेतला.

“मावशी, चरवी दुधाची का?”

“व्हय. पर लय घासलीया!”

“मग दूधच आजारी हाय तुजं. उद्या या बाटलीत आन.”

भाईंच्या नावानं बोटं मोडत ती गेली, पण दुसऱ्या दिवशी आली. या खेपेला नळी नितळ राहिली. मी आदल्या दिवशीचा कागद फाडला. मला लाज वाटली, हे इथे सांगून टाकतो.

त्यानंतरच्या थंडीत भाईंचे डोळे सकाळी सुजलेले दिसू लागले, वहाणा पायांना आवळू लागल्या. अळणी जेवण आणि अंथरूण यापलीकडे माझ्यापाशी तेव्हा औषध नव्हतं. आंबे उतरायच्या आत ते गेले.

मला आठवते ती त्याआधीची एक सकाळ. टेबलावर बिननावाची नळी होती, उकळून गढूळ झालेली.

“कुणाची?” मी विचारलं.

“हाय एकाची. आज थेंब तुमी टाका.”

मी टाकला. थांबलो. आणखी एक टाकला. नळी तशीच. मी वर पाहिलं, तर भाई दिवा विझवत होते.

“बाटली दुधाची असेल, भाई.”

“न्हाई डाक्टर,” ते म्हणाले. “मी सोता धुतलीया.”