आईचा मोतीबिंदू आणि बाबांचा स्वयंपाक

दिवाळीत महागावला माहेरी गेले होते. आई पोळ्या करत होती आणि सांडशी समजून तिनं थेट गरम तव्याचीच कड धरली... सांडशी शेजारीच होती, पण तिला दिसली नव्हती.

बोटांवर थंड पाणी ओतता ओतता कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन केव्हाचंच सांगितलंय आणि आमची माय गप्प बसून आहे!

बाबांचे दोन्ही डोळे कधीच करून झालेत. तेव्हा ड्रॉप्स टाकण्यापासून ताट हातात देण्यापर्यंत सगळं आईनंच केलं. मग तुझंच का राहिलं गं, विचारलं तर म्हणाली, "काही दिवस गॅसपाशी जायचं नाही म्हणते डॉक्टर. मंग तुह्या बाबाले जेवाले कोण देईन?"

म्हणजे डोळे अडले होते पोळ्यांवर. माझं डोकंच फिरलं.

पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, ताई, तू सुट्टी टाकून ये ना. काकूचंही तेच. मी सरळ सांगितलं, ऑपरेशनला मी नेते, स्वयंपाक बाबा करतील. नाही म्हणताना वाईट वाटलं थोडं, पण मी हटले नाही.

बाबा रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. डबा उघडून जेवायचा, एवढाच त्यांचा स्वयंपाकाशी संबंध. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पहिल्याच दिवशी वरण करपलं, भाताचा गिचका झाला... पण माणूस जिद्दीचा. मी यवतमाळहून फोनवर कुकरच्या शिट्ट्या सांगायचे, ते मुकाट ऐकायचे. आईला पलंगावरून सूचना द्यायची पूर्ण मुभा होती आणि तिनं ती मनसोक्त वापरली.

परवा दोघं तपासणीला यवतमाळला आले. डॉक्टर म्हणाले, छान झालंय, दुसरा डोळा सवडीनं करू. मी तोंड उघडायच्या आधीच आई म्हणाली, "सवड कायची? लवकरची तारीख द्या."

घरी करायला कुणी आहे ना, डॉक्टरांनी विचारलं. आईनं बाबांकडे बोट दाखवलं. "हे हायेत ना. याईले येते आता सारं."

बाबांनी मान डोलावली आणि पिशवीतून तिची फाईल काढून पुढे केली.

आईला स्वतःसाठी काही मागताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं... फार बरं वाटलं. तुमच्याही आईला एकदा विचारून पाहा, तिचं काय काय स्वयंपाकापायी राहून गेलंय.